पाटावर बसवलेला ट्रक

माझा कॉम्प्युटर बंद पडायला लागला तेव्हा घरात पहिला संशय माझ्यावर आला. दुसरा माझ्या नवऱ्यावर. विजेवर, वायरींवर, उंदरांवर संशय घेण्याची पाळी फार नंतर आली, कारण आमच्या घरात यंत्र बिघडलं की आधी माणसं तपासतात.

तो कॉम्प्युटर मी गेम खेळण्यासाठी घेतला होता, हे एकदाचं सांगून टाकते. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत त्यांना कळवायच्या, हे माझं काम. त्यामुळे संध्याकाळी डिचोलीजवळ सर्वणला घरी पोचले की मला कुणाला तरी गोळ्या घालाव्याशा वाटतात. हेडफोन लावून, पडद्यावर, सभ्यपणे. सासूबाई मात्र शेजारणींना सांगायच्या, "सूनबाय घराक येवन पन हापिसाचाच काम करता. चेडवाच्या जीवाक आराम नाय." मी हा गैरसमज कधी दूर केला नाही. एकदा मी एका इमारतीच्या गच्चीवर बंदूक रोखून दबा धरून बसले होते, तेव्हा त्यांनी मागून येऊन चहा ठेवला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तो चहा पिऊन मग गोळी झाडली.

सासरे मूळचे सिंधुदुर्गातले. तरुणपणी खाणीच्या ट्रकवर आले आणि इथलेच झाले. डिचोलीच्या खाणीतून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत खनिज वाहून नेण्यात त्यांचा जन्म गेला. खाणी थांबल्या तेव्हा त्यांनी चिरे वाहिले, विटा वाहिल्या, लग्नाच्या मांडवाचं सामान वाहिलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही. ते सुटलं गेल्या वर्षी. सकाळी दात घासताना त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. बोलणं लगेच सुधारलं, उजवी बाजू तर मुळात बिघडलीच नव्हती. डावा पाय मात्र चालताना किंचित मागे राहतो. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, पुढचं पुढे बघू म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याने त्याच दिवशी घरच्या कारची चावी आपल्या खिशात टाकली. तो वाळपईला सरकारी कचेरीत आहे. रोज बसने जातो आणि चावीही बसने जाते-येते.

सासऱ्यांना कारचं फारसं प्रेम होतं असं नाही. ट्रक चालवलेल्या माणसाला कार म्हणजे खेळणंच. पण त्यांची थोरली बहीण वाळपईला राहते, आणि तुळशीचं लग्न झालं की पुढच्या रविवारी तिच्याकडे जेवायला जायचं ही त्यांची रीत. कुठली ना कुठली गाडी घेऊन, स्वतः चालवत. या वर्षी मुलगा नेईल असं ठरलं तेव्हा ते म्हणाले, "मी काय पार्सल आसंय? तू नेतलंस आनी थंय उतरवतलंस?" त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोलेना, आणि सासरेही दुसऱ्या कुठल्याच विषयावर बोलेनात.

त्याच सुमारास आमच्या कारखान्यातल्या एकाचं लग्न झालं आणि नव्या नवरीने घरातून पहिली वस्तू बाहेर काढली ती त्याचं गेम खेळायचं स्टिअरिंग. खाली तीन पेडल, बाजूला गिअर, सगळा सरंजाम. मी तो कंपनीच्या बसमधून मांडीवर घेऊन आले. ट्रक चालवण्याचा एक गेम आहे. परदेशातले लांबलचक रस्ते, खरा वाटणारा ट्रक, मागे माल. मी रस्त्याची बाजू आपल्यासारखी करून दिली आणि सासऱ्यांना खुर्चीत बसवलं. ते आधी हसले. मग त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि हसायचे थांबले.

पुढच्या काही दिवसांत त्यांनी तो सगळा परदेश ताब्यात घेतला. बर्फातल्या घाटाला ते चोर्ला घाट म्हणायचे. कुठल्याशा बंदराला त्यांनी आपल्या जुन्या खनिजाच्या धक्क्याचं, आमोणेचं नाव दिलं. रस्ता सांगणारी बाई 'डावीकडे वळा' असं तिच्या भाषेत म्हणाली की ते तिला सांगत, "गप रव गे, माका रस्तो म्हायत असा." आणि उजवीकडे वळत. माल नेहमी उशिरा पोचायचा, पण पोचायचा.

एका संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलाला सांगितलं, "ह्या गेमात भरलेलो ट्रक घाटातसून नेवन, धक्को न लावता, गोदामात रिवर्स लावन दाखयतंय. तुमी सगळे बसान बघा. जमला तर चावी दी."

नवरा म्हणाला, "बाबा, गेम वेगळो आनी रस्तो वेगळो."

"रस्तो वेगळो. हात, पाय आनी डोळे तेच," सासरे म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी आमटी वाढून घेतली. शेवटी तो हो म्हणाला. मला वाटतं जमणार नाही या खात्रीने म्हणाला. अट अशी ठरली की एकाही गाडीला धक्का नाही, आणि मध्ये गेम थांबवायचा नाही. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारच्या आत हे झालं पाहिजे, नाहीतर बापाने गुपचूप डाव्या सीटवर बसायचं.

मग दसरा आला. सासऱ्यांच्या हयातीत ट्रक धुतल्याशिवाय दसरा झालेला नाही. या वर्षी धुवायला ट्रक नव्हता, म्हणून त्यांनी कॉम्प्युटर पुसला. सासूबाईंनी देवघरातला पाट आणला, त्यावर चवथीला गणपतीच्या मखरातला उरलेला लाल मखमलीचा तुकडा अंथरला आणि कॅबिनेट त्यावर बसवलं. स्टिअरिंगला झेंडूची माळ, पडद्याला हळद-कुंकू. ट्रकच्या चाकाखाली लिंबू चिरडायचा असतो. आमच्या ट्रकला चाकं नसल्यामुळे सासऱ्यांनी तो ब्रेकच्या पेडलखाली ठेवून दाबला. रस माझ्या नव्या पायपुसण्यावर उडाला. दसरा संपला तरी कॅबिनेट पाटावरच राहिलं. एकदा पाटावर बसवलेलं खाली जमिनीवर कोण ठेवतं, असं सासूबाई म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. लादी पुसताना पाणी लागायची भीती नव्हती. शिवाय माझ्या गोळीबाराला एक प्रकारची प्रतिष्ठा आली.

दसऱ्यानंतर थोड्याच दिवसांत तो बंद पडायला लागला. पडदा आधी थरथरला नाही, सूचना आली नाही, काही नाही. सासरे घाट चढत असायचे, टक् आवाज यायचा आणि सगळं काळं. पंखे थांबायचे. बटण दाबलं तरी जागा व्हायचा नाही. थोडा वेळ गेला की काही घडलंच नाही अशा थाटात चालू व्हायचा. मेल वाचा, हिशेब करा, सासूबाईंचं कीर्तन लावा, दिवसभर चालेल. गेम लावला की थोड्या वेळाने आडवा. माझ्याही गेमात तेच. मी गच्चीवरून उडी मारायची आणि जमिनीवर पोचायच्या आधीच जग संपायचं.

सासऱ्यांनी पहिल्यांदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. "तू बंद केलंस?"

"मी कशाला बंद करू, बाबा?"

"मगे तुझ्या घोवान केल्यान. मोबायलवरसून करता तो. आजकाल सगळा मोबायलवरसून जाता."

नवरा तेव्हा बाहेर पंपाचं पाणी सोडत होता. त्याला बोलावून मोबाईल जप्त करण्यात आला आणि दुसऱ्या खेपेला तो सासऱ्यांच्या मांडीवर ठेवून गेम लावला. घाटात परत टक्. नवरा निर्दोष सुटला, पण मनापासून नाही. पुढचे कितीतरी दिवस सासरे गेमला बसले की त्याला समोर दोन्ही हात दिसतील असं बसायला लागायचं.

माणसं संपल्यावर मग यंत्राची तपासणी सुरू झाली. सासऱ्यांचं निदान सरळ होतं. घाटात लोड येतो, इंजिन तापतं, गाडी बसते. त्यांनी कॅबिनेटसमोर टेबलफॅन लावला. फॅनने पडद्यामागचं कॅलेंडर उडालं, बाकी फरक पडला नाही. मग त्यांना वाटलं की पेडल जोरात दाबल्याने लादी हादरते आणि आतलं काहीतरी सुटतं. त्यावर त्यांनी सस्पेन्शन बसवलं, म्हणजे मखमलीखाली घडी घातलेला जाड टॉवेल. त्यानंतर तो आणखी लवकर बंद पडायला लागला. सासूबाईंचं निदान दृष्ट लागली असं होतं, आणि दृष्ट लावणारी कोण हेही त्यांना ठाऊक होतं, शेजारीण दसऱ्याच्या दिवशी म्हणाली होती, "किती बरा दिसता गे." त्यांनी मीठ-मिरची ओवाळून टाकली. त्या धुराने आम्ही सगळे खोकलो.

मी मात्र शिकलेली, क्वालिटीवाली. मी एका वेळी एकच गोष्ट बदलायची, या नियमाने चालले. केबल बदलली. भिंतीवरचं सॉकेट बदललं. दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन ओढलं, तेव्हा त्यात अडकून सासूबाईंच्या हातातली वरणाची वाटी गेली. आतलं तापमान दाखवणारा प्रोग्राम घातला. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही थंड. म्हणजे वीज पुरवणारी पेटी, पॉवर सप्लाय, तीच मान टाकते असा मी निकाल दिला आणि कॅबिनेट स्कूटरवर पायांमध्ये धरून डिचोलीच्या दुकानात नेलं.

दुकानदार मोठ्या आवाजाचा माणूस. त्याने कॅबिनेट काउंटरवर ठेवलं, खालून ब्लोअर मारला, आणि जाळीतून तांबडा भुगा उडाला. त्याने तो बोटावर घेऊन मला दाखवला. "हें पळय बाय. मायनिंगाची धूळ. डिचोलेंतल्या दर एका पीसींत ही आसताच."

मी मान हलवली. डिचोलीत तांबडं काही दिसलं की ती खाणीची धूळ, यावर इथे कुणाचं दुमत होत नाही. खाणी थांबल्या, काही परत सुरू झाल्या, पण धुळीवरचा आमचा विश्वास एकदाही थांबला नाही. कपडे तांबडे झाले, खोकला आला, लग्न मोडलं, तर आम्ही आधी खाणीकडे बघतो.

त्याने मशीनवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी लावली. मी तिथे बसून राहिले. बाजारातून पोय, तो कोंड्याचा गोल पाव, घेऊन आले, एक खाल्ली, परत बसले. कॉम्प्युटर गुरगुरत चालत राहिला. बंद पडायचं नाव नाही. दुकानदार म्हणाला, "हांगा सारको चलता. तुमच्या घरांतूच कितें तरी आसा." तरीही त्याने वापरून बघायला म्हणून आपल्याकडचा दुसरा, मोठा पॉवर सप्लाय बसवून दिला. घरी आणला. सासूबाईंनी मखमल झटकून, टॉवेल नीट करून, तो परत पाटावर बसवला. सासऱ्यांनी घाट चढायला घेतला. टक्.

आता घरच गुन्हेगार ठरलं. नवऱ्याने अर्थिंगचा विषय काढला. अर्थिंगचा खड्डा मागच्या दारी मिरच्यांच्या वाफ्याशेजारी आहे. कुणीतरी त्याला सांगितलं की त्यात मीठ आणि पाणी घालायचं. त्याने मीठ इतकं घातलं की मिरच्या मेल्या. सासूबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. सासरे एवढंच म्हणाले, "मिरच्यो गेल्यो, गाडी काय चालली नाय."

या सगळ्यात मला मजा येत होती हे कबूल आहे. रोज संध्याकाळी घरी येताना आज कोणतं नवं निदान निघालं असेल याची उत्सुकता असायची. पण एके दिवशी सासरे घाटाच्या माथ्यावर पोचले होते, ट्रक अगदी सरळ रेषेत, आणि पडदा काळा झाला. या खेपेला ते कुणावर ओरडले नाहीत. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी तसेच ठेवले. मग म्हणाले, "माझ्या हातात गाडी कशीच रवणा नाय. माझोच हात वायट."

"बाबा, हात कसला? मशीन बंद पडतं."

"तू हयसर बसतंस तेव्वा चलता. दुकानात चलता. मी बसलंय काय पडता."

हे खरं नव्हतं, माझ्याही हातात पडायचा. पण आता त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता. मला फार वाईट वाटलं. तुळशीचं लग्न दोन-चार दिवसांवर आलं होतं, रविवार त्याच्या मागोमाग, आणि त्यांनी त्या दिवशी गेम परत लावला नाही. पेडल त्यांनी भिंतीला सारून ठेवले.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सासूबाई आल्या आणि कॅबिनेटकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्याका जरा उतर. माका पाट व्हयो." कृष्णाला बसायला पाट लागतो आणि पाटावर घालायला मखमल. देवांच्या क्रमवारीत आज कृष्ण वर होता. मी कॉम्प्युटर उचलून उघड्या लादीवर ठेवला. टॉवेल सासऱ्यांनी आंघोळीला नेला.

संध्याकाळी अंगणात तुळशीभोवती शेजारपाजारची सगळी माणसं जमली. चिंचा, आवळे, ऊस, चुरमुरे. भटजी मंगलाष्टकं म्हणायला लागले. नवरा अंतरपाट धरून उभा होता. एवढ्यात घरातून ट्रकचा हॉर्न वाजला. मोठा, लांबलचक. भटजी थबकले. सासूबाई दातओठ खाऊन माझ्याकडे बघत म्हणाल्या, "जा, बंद कर तां."

मी आत गेले. सासरे लोकांना टाळून आत येऊन बसले होते. घाट संपला होता. ट्रक पलीकडच्या सपाटीवर धावत होता, आणि त्यांनी हॉर्न दिला होता तो समोरच्या गाढव ड्रायव्हरला. मी ते बंद केलं नाही. दारातच उभी राहिले. बाहेर अक्षता पडल्या, फटाके वाजले, चुरमुरे वाटून झाले, आणि ट्रक चालतच होता. शेवटी त्यांनीच तो एका गोदामाशी आणून थांबवला आणि मान वळवून मला विचारलं, "आज काय केलंस?"

"काहीच नाही."

"मगे चललो कसो?"

लग्नाचा शुभ मुहूर्त, असं सासूबाईंनी सांगितलं आणि ते सगळ्यांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी कृष्ण देवघरात परत गेला. मी कामावरून आले तेव्हा कॅबिनेट पुन्हा पाटावर, मखमलीवर, टॉवेलवर होतं. सासरे उत्साहाने बसले. टक्. या वेळी मी केबल तपासल्या नाहीत, सॉकेट तपासलं नाही. मी कॅबिनेट दोन्ही हातांनी उचलून आडवं केलं. खालच्या जाळीवर छोट्या भाकरीएवढी गोल, तांबडी लव चिकटली होती. पॉवर सप्लायचा पंखा तळाशी असतो आणि तो तिथूनच हवा ओढतो. आमच्या पेटीचं तोंड मखमलीने बंद झालं होतं. साध्या कामाला ती तशीच निभावून न्यायची. गेम लागला की तापायची आणि जळून जाऊ नये म्हणून स्वतःच मिटायची. मी लव चिमटीत धरून ओढली. खाणीची धूळ मऊ होती, तिला चकाकी होती, आणि तिचा रंग आमच्या गणपतीच्या मखराशी जुळत होता.

केबल, सॉकेट, पॉवर सप्लाय, एकेक गोष्ट मी बदलली होती. पाट बदलायचं डोक्यात आलं नाही, कारण पाट कॉम्प्युटरचा भाग नव्हता. तो घराचा भाग होता. दुकानात जाताना तो कधी आमच्याबरोबर आलाच नाही.

सासूबाईंना पटवणं सगळ्यात कठीण गेलं. त्यांचं म्हणणं, मानाने बसवलेलं यंत्र मानानेच बिघडतं, असं कुठे असतं का. मी त्यांना गेम लावून जाळीखाली हात धरायला लावला. हवा बोटांमधून आत ओढली जात होती. त्यांनी हात उलटा-पालटा करून बघितला. मग म्हणाल्या, "श्वास घेता गे ह्यो." आणि स्वतःच मखमल काढून घेऊन गेल्या. टॉवेलबद्दल सासऱ्यांना कोणी काही बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. तो दोरीवर वाळत घालताना ते माझी नजर चुकवत होते.

रविवार उजाडला. वाळपईला दुपारी जेवायला पोचायचं होतं, म्हणून परीक्षा सकाळीच ठेवली. सासऱ्यांनी लुंगी सोडून पँट-शर्ट घातला, मनगटाला घड्याळ बांधलं, आणि स्टिअरिंगला हात लावून तो छातीला लावला. नवरा परिवहन खात्याचा निरीक्षक असल्यासारखा हाताची घडी घालून शेजारी बसला. सासूबाई बेसनाचे लाडू घेऊन बसल्या. कॉम्प्युटर उघड्या लादीवर होता आणि मी त्याच्या आवाजाकडे कान लावून होते.

ट्रक बंदरातून निघाला. मी त्यांना आधीही पाहिलं होतं, पण असं चालवताना नव्हतं. गिअर कधी बदलला ते कळत नव्हतं. घाटात उतारावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवलाच नाही, इंजिनवर गाडी धरून आणली, आणि नवरा नकळत घडी सोडून पुढे सरकला. त्याने लहानपणी या माणसाच्या मांडीवर बसून हेच बघितलं असणार. आज पहिल्यांदा रस्ता सांगणाऱ्या बाईचंही त्यांनी ऐकलं.

घाट संपल्यावर हमरस्ता लागला. पुढे एक टँकर रेंगाळत होता. सासऱ्यांनी उजवीकडून तो मागे टाकला आणि परत डाव्या बाजूला येऊ लागले. डाव्या आरशात एक छोटी तांबडी कार होती. मला ती स्पष्ट दिसत होती. ट्रक तिच्या अंगावर जात होता. तिने आपणहून करकचून ब्रेक मारला आणि मागे पडली. धक्का लागला नाही. गेमने काही म्हटलं नाही. नवरा लाडू घेत होता, सासूबाई देत होत्या. मीही गप्प बसले. त्यांनी जिंकावं असं मला फार वाटत होतं.

ट्रक शहरातून फिरला, गोदामाच्या आवारात शिरला, आणि सासऱ्यांनी तो एकाच खेपेत मागे घेऊन आखलेल्या चौकटीत बसवला. पडद्यावर शाबासकी आली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. नवरा उठला. खिशात हात घालून त्याने चावी काढली आणि दोन्ही हातांवर घेऊन बापापुढे धरली. "घेवा बाबा. मी मागे बसतंय."

सासऱ्यांनी चावीकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "टँकर काडलंय थंय डाव्या हाताक एक गाडी होती," ते म्हणाले. "तांबडी."

"होती? पण धक्को खंय लागलो?" नवरा म्हणाला.

"माका ती दिसाक नाय. फुड्यात गेल्यार आरशात दिसली, तेव्वा कळला." त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून मांडीवर ठेवले. "गेमाक कळूक नाय. तुका कळूक नाय. माका कळला."

कॉम्प्युटर चालू होता. इतके दिवस त्याने मध्येच बंद पडून दोष स्वतःवर घेतला होता, आणि तो मी दुरुस्त केला होता. मला त्या क्षणी तो लाल मखमलीचा तुकडा कुठे ठेवला ते विचारावंसं वाटलं.

मग सासऱ्यांनी मुलाच्या हातावरची चावी उचलली आणि माझ्यापुढे धरली. "चल चेडवा. आते वाट बघत असतली."

माझ्याकडे लायसन्स आहे. ते सगळ्यांना माहीत आहे आणि ते कोणी कधी बाहेर काढायला सांगत नाही. मोकळ्या मैदानात मी बरी चालवते, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याने तोंड उघडलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो मागच्या सीटवर जाऊन बसला, आईच्या शेजारी, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन.

सासरे माझ्या शेजारी, डाव्या बाजूला बसले. मी सीट पुढे घेतली, चावी फिरवली. त्यांनी काच खाली केली आणि हात बाहेर काढून डावा आरसा पकडला. आमच्या गाडीचा आरसा हातानेच फिरवावा लागतो. तो त्यांच्या बाजूने वळलेला होता, गेल्या वर्षी कधीतरी तसाच राहिलेला. त्यांनी तो हळूहळू माझ्याकडे वळवला, थांबले, आणखी थोडा वळवला.

"आता माका कायच दिसणा नाय," ते म्हणाले. "तुका दिसता मां?"

"दिसतं, बाबा."

"मगे चल."